दख्खनच्या माशांना मराठी नावे देणारे कर्नल साइक्स

मालवणच्या बंदरावर मासळी उतरली की तिची ओळख करून द्यावी लागत नाही. बांगडा, सुरमई, सरंगा, मोरी, मुडदुशे ही नावे येथील मुलांना मुळाक्षरांच्याही आधी ठाऊक होतात. समुद्राने हा किनारा पोसला, त्यामुळे समुद्राच्या मासळीला येथे मान आहे. नदीच्या माशांच्या वाट्याला तो क्वचितच येतो. २०२० मध्ये मात्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातीलच एका बोटभर माशाने साऱ्यांचे लक्ष वेधून घेतले. आंबोली येथे हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी असलेल्या मंदिराच्या कुंडात शास्त्राला अपरिचित असलेली माशाची एक जात संशोधकांना आढळली. तिचे नामकरण शिस्टुरा हिरण्यकेशी असे झाले आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने त्या परिसराला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. आंबोलीची ही नदी मालवणच्या दिशेने उतरत नाही. ती पूर्वेकडे वळते आणि घटप्रभेमार्गे कृष्णेच्या खोऱ्याला मिळते. मासा सिंधुदुर्गाचा असला, तरी पाणी दख्खनचे आहे.

त्या दख्खनच्या पाण्यातील माशांची पहिली शास्त्रीय यादी करणारा माणूस इंग्रज होता आणि पेशाने सैनिक होता. परक्या लॅटिन नावांच्या शेजारी स्थानिक मराठी नाव बसवण्याची रीत या प्रदेशात त्यानेच मोठ्या प्रमाणावर रूढ केली. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे ते नाव. पक्षिनिरीक्षकांना ते परिचित आहे, कारण एक चंडोल आणि एक वटवट्या आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. सांख्यिकीच्या इतिहासातही त्यांचा उल्लेख येतो. परंतु महाराष्ट्राच्या नद्यांवर त्यांचे जे ऋण आहे, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात झाला. वयाची चौदा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १८०३ मध्ये, त्यांचे नाव ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात उमेदवार म्हणून दाखल झाले. त्या काळी हे नवलाचे नव्हते. मध्यम स्थितीतील घरांतील धाकटी मुले नशीब काढण्यासाठी अशीच जहाजावर चढत. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांनी भरतपूरला घातलेल्या वेढ्यात हा पंधरा वर्षांचा मुलगा हजर होता. पुढील काही वर्षांत त्यांनी हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा आत्मसात केल्या व दुभाष्याची परीक्षा दिली. मराठी शिकण्यामागे तेव्हा नोकरीतील बढतीपलीकडे काही हेतू असेल असे मानण्याचे कारण नाही. मात्र पुढे त्यांनी जे काम केले, ते या भाषेवाचून शक्यच झाले नसते.

१८१७ ते १८२० या काळात ते दख्खनमध्ये लढत होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशव्यांच्या आणि कंपनीच्या फौजा समोरासमोर आल्या, तेव्हा साइक्स हिंदी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व करीत होते. त्यानंतरची पुण्याची लढाई आणि डोंगरी किल्ल्यांचा पाडाव यांतही त्यांचा सहभाग होता. खडकी मुळेच्या काठी आहे. ज्या नदीच्या तीरावर त्यांनी मराठी राज्य बुडवण्याला हातभार लावला, त्याच नदीच्या पोटातील जीव मोजण्यासाठी ते काही वर्षांनी परत आले. हे दुसरे काम पहिल्यापासून वेगळे काढता येत नाही. राज्य जिंकल्यानंतर ते चालवण्यासाठी त्याची मोजदाद लागते, आणि साइक्स यांची नेमणूक मोजदादीसाठीच झाली होती.

मधली काही वर्षे त्यांनी रजेवर युरोपात काढली. तेथे प्रवास झाला, १८२४ मध्ये एलिझाबेथ हे यांच्याशी विवाह झाला आणि त्याच वर्षी ते मुंबईस परतले. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना मुंबई सरकारचे सांख्यिकी वृत्तांत लेखक नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरींचा मुलूख, म्हणजे त्या वेळच्या इंग्रजी कागदांतील दख्खन, त्यांच्याकडे आला. कोकण त्यात नव्हते. मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला १८१२ च्या तहानेच कोल्हापूरकरांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. परंतु साइक्स यांची हद्द सह्याद्रीच्या माथ्यावर संपत असे. त्यामुळे गड, कर्ली किंवा सावित्री या नद्यांच्या नशिबी त्यांच्यासारखा टिपणकार आला नाही. कोकणातील गोड्या पाण्याचे जुने चित्र आपल्यापाशी इतके धूसर आहे, याचे एक कारण हेही असावे.

सांख्यिकी हा शब्द आज रुक्ष वाटतो. साइक्स यांनी त्यात काय काय बसवले ते पाहिले म्हणजे थक्क व्हायला होते. गावांची खानेसुमारी, जमीनधारणेचे प्रकार, मिरासदारांचे हक्क, पिके, फळझाडे, खडक, हवेचा दाब, उष्णतामान, जंगली रेशीम, पक्षी, सस्तन प्राणी आणि मासे असे सारे त्यांच्या वह्यांत एकत्र नांदत होते. त्यांनी दख्खनमधील वायुमापकाच्या नोंदींवर लिहिलेला निबंध पुढे रॉयल सोसायटीने छापला. येथील रानकुत्र्याचे, म्हणजे कोळसुंद्याचे शास्त्रीय वर्णन त्यांनी १८३१ मध्ये केले आणि त्याच्या नावात दख्खन घातले. ओढ्याकाठी ध्यानस्थ बसणाऱ्या वंचक बगळ्याचे शास्त्रीय नावही १८३२ चे आणि त्यांचेच आहे. यांतील महसुलाशी संबंधित भाग सरकारला हवा होता. बाकीचे त्यांनी स्वतःच्या आवडीने जोडले, असे दिसते. सरकारलाही ते कळले असावे. १८२९ मध्ये काटकसरीचे कारण देऊन त्यांचे पद रद्द करण्यात आले. साइक्स यांनी तरीही काम टाकले नाही. अहवाल पुरे केल्यावरच, जानेवारी १८३१ मध्ये, त्यांनी हिंदुस्थानचा किनारा सोडला.

माशांवरचा त्यांचा निबंध लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीत १८३८ मध्ये वाचला गेला. त्याचा गोषवारा १८३९ मध्ये आणि चित्रांसह विस्तृत पाठ १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. भीमा आणि तिला मिळणाऱ्या मुळा-मुठा, घोड आदी नद्यांतील सेहेचाळीस जातींची वर्णने त्यात आहेत. त्यांतील बहुसंख्य शास्त्राला नवीन होत्या. त्यापूर्वी बंगालमध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवर १८२२ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला होता आणि त्यांनीही तेथील देशी नावांचा उपयोग केला होता. दख्खनच्या पठारावरील नद्यांकडे मात्र तोवर कोणीच अशा नजरेने पाहिले नव्हते.

या निबंधातील नावांची यादी मराठी वाचकाने एकदा तरी सावकाश वाचावी. शिंगटी, घोगरा, मळ्या, कोळस, बोगट, ताकरी, संदखोल, खुद्री, मसुल्ला ही भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडची नावे साइक्स यांनी जशी ऐकली तशी रोमन लिपीत उतरवली आणि जातीवाचक नाव म्हणून कायम केली. इंग्रजी कानाने ती थोडी वेडीवाकडी झाली, हे खरे. मुळा-मुठा ही जोडनदी तर त्यांच्या लेखनात मोटा मोला होऊन बसली. पण मिस्टस सींगटी किंवा गारा मुल्या असे नाव जपानमधील किंवा ब्राझीलमधील एखादा अभ्यासक आज उच्चारतो, तेव्हा तो नकळत पुणे-शिरूरकडची मराठीच बोलत असतो. एका माशाच्या बाबतीत तर साइक्स यांनी पुढचे पाऊल टाकले. रोहटी या नावावरून त्यांनी एक संपूर्ण नवा गट स्थापन केला आणि त्यातील एका जातीला लंडनच्या विल्यम ओगिल्बी यांचे नाव दिले. रोहटी ओगिल्बी हा मासा आजही त्याच नावाने ओळखला जातो. नाव भीमाकाठचे आणि आडनाव लंडनचे, असा हा जोड आहे.

सर्वच माशांना मराठी नाव मिळाले नाही, हेही नोंदवले पाहिजे. विल्यम यॅरेल, रिचर्ड ओवेन, निकोलस व्हिगर्स, जॉन जॉर्ज चिल्ड्रेन अशा विलायतेतील मित्रांचा आणि मान्यवरांचा गौरव करण्याचा मोह साइक्स यांनाही आवरला नाही. मुठेतील अजस्र शिंगाळ्याला यॅरेल यांचे नाव मिळाले. त्या माशाने यॅरेल यांना कधी पाहिले नव्हते आणि यॅरेल यांनीही त्याला पाण्यात पाहिले नसावे. ज्यांनी जाळे टाकून हे मासे काढून दिले, ज्यांनी प्रत्येकाचे नाव सांगितले, त्या भोयांपैकी एकाचेही नाव मात्र कोणत्याच माशाला चिकटले नाही. त्यांची भाषा टिकली, ते स्वतः गळाले.

या यादीत सर्वांत नशीबवान आणि सर्वांत दुर्दैवी ठरलेला मासा एकच आहे, तो म्हणजे खुद्री. महाराष्ट्रात खडची म्हणूनही ओळखला जाणारा हा मासा म्हणजे दख्खनचा महसीर. साइक्स यांनी तो पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर, मुळा-मुठेच्या पात्रातून मिळाल्याची नोंद केली. आजच्या हिशेबाने हे ठिकाण मांजरीच्या आसपास कोठेतरी येते. मोठे खवले, जाड ओठ, तोंडाशी दोन जोड मिशा आणि निळसर झाक असलेले पर ही त्याची ओळख. प्रवाहाच्या विरुद्ध चढण्याची त्याची ताकद एवढी असते, की गळ टाकून मासे धरणाऱ्या साहेबांनी महसीरला पुढे नद्यांचा वाघ ठरवले.

या वाघाचे प्रजनन मात्र नाजूक असते. पावसाळ्यात नद्या फुगल्या की महसीर मुख्य पात्र सोडून वरच्या अंगाला, ओढ्यांकडे निघतो. त्याला गाळ चालत नाही. स्वच्छ, थंड, खळाळते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते आणि तळाशी वाळू-गोटे लागतात. त्याची अंडी जड असतात. ती पाण्यावर तरंगत नाहीत, तळाच्या गोट्यांच्या सांदीत बसतात. मादी सर्व अंडी एकाच वेळी न घालता टप्प्याटप्प्याने घालते. रोहू-कटल्याच्या मानाने तिची अंडीही थोडी असतात. पिल्लू बाहेर पडल्यावर पोटाशी असलेली बलकाची पिशवी संपेपर्यंत ते गोट्यांच्या आडोशाला निपचित राहते. या साऱ्या अवधीत ओढा आटला, वर बांध पडला, वाळू उपसली गेली किंवा मैल्याचा थर चढला, तर त्या वर्षीची पिढी गेली असे समजावे. मोठा मासा काही वर्षे तग धरून राहतो आणि नदीत महसीर आहे असे वाटत राहते. प्रत्यक्षात तेथे म्हातारेच उरलेले असतात.

साइक्स यांच्या काळात पुण्याच्या वरच्या अंगाला महसीरची वाट अडवील असे मोठे धरण नव्हते. खडकवासल्याचे बांधकाम त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस चालू होते आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर पूर्ण झाले. त्यामुळे त्यांच्या निबंधात खुद्री संकटात असल्याची चाहूलही नाही. तो त्यांना बाजारात आणि जाळ्यात सहज मिळणारा मासा होता. म्हणूनच त्यांचा निबंध मोलाचा आहे. पुणे वाढण्यापूर्वी पुण्याची नदी कशी होती, याचा तो पंचनामा आहे. ए. जी. एल. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांवर लिहिले. त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनीही आपापल्या याद्या केल्या. या प्रत्येकाला साइक्स यांच्या यादीशी ताडा घालावाच लागला.

या कामात एक मोठी उणीव राहून गेली. साइक्स यांनी वर्णने केली, चित्रे छापली, पण ज्या माशांवरून ही वर्णने केली त्यांचे नमुने कोणत्याही संग्रहालयात उरलेले नाहीत. शास्त्राच्या व्यवहारात हा मूळ नमुना म्हणजे सातबाराचा उतारा असतो. वाद उपस्थित झाला की तो काढून दाखवायचा. खुद्री आणि मसुल्ला या दोन्ही नावांपाठीमागे असा उतारा नव्हता. मसुल्ला हा मासा साइक्स यांना शिरूरला घोड नदीत मिळाला होता. पुढे हेच नाव दक्षिणेतील एका प्रचंड, पाठीवर वशिंड असलेल्या महसीरला लावले जाऊ लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या ते तसेच चालत राहिले. साइक्स यांचा मसुल्ला मुळात महसीरच नव्हे, तो कोळशाच्या जवळचा मासा आहे, असे दाखवणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पावणेदोनशे वर्षे चाललेली ही गल्लत कागदापुरती राहिली असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. तिची किंमत एका नदीला मोजावी लागली.

साइक्स यांचे उर्वरित आयुष्य इंग्लंडमध्ये मानमरातबात गेले. १८३३ मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले, १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी लंडनमध्ये स्थापन झालेल्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना झाली. वेड्यांच्या इस्पितळांची देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगावर त्यांनी काम केले. १८४० मध्ये ते कंपनीच्या संचालक मंडळावर गेले आणि १८५६ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. ज्या कंपनीत ते अल्पवयात उमेदवार म्हणून शिरले, तिच्या सर्वोच्च खुर्चीवर ते बसले आणि दोन वर्षांत कंपनीची सत्ताच संपली. १८५७ पासून मरेपर्यंत ते ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून ब्रिटिश पार्लमेंटमध्ये होते. १८५८ मध्ये त्यांना रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद मिळाले. हवेच्या वरच्या थरांचा अभ्यास करण्यासाठी बलून उडवावेत, याचा पाठपुरावा करणाऱ्यांतही ते आघाडीवर होते. एवढ्या व्यापात दख्खनचे मासे मागे पडले, यात नवल नाही. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

खुद्रीची कहाणी त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टाटांच्या वीज कंपन्यांनी लोणावळा आणि मुळशी परिसरात धरणे बांधली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो जमिनी बुडालेल्या मावळ्यांसाठी. माशांच्या वतीने बोलणारे तेव्हा कोणीच नव्हते. तथापि या जलाशयांना मिळणारे डोंगरातील ओढे स्वच्छ राहिले आणि पाण्यावर कंपनीचा पहारा राहिला. त्यामुळे खालच्या नद्यांत महसीर विरळ होत असताना येथे तो टिकून राहिला आणि पावसाळ्यात त्या ओढ्यांत अंडी घालत राहिला.

महाराष्ट्राचे माजी मत्स्यसंचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी ही गोष्ट हेरली. त्यांनी खुद्रीच्या अंडी घालण्याच्या सवयी आणि पिलांची वाढ यांचे बारकाईने निरीक्षण करून १९७० मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात त्याचा वृत्तांत दिला. त्याच सुमारास लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात महसीरच्या प्रजननाचे काम सुरू झाले. एस. एन. ओगले यांनी ते पुढे दीर्घकाळ चालवले. अंड्यावर आलेल्या माद्या पकडायच्या, हलक्या हाताने पोट दाबून अंडी काढायची, त्यांवर नराचे वीर्य मिसळायचे आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत ती उबवायची, अशी ही पद्धत होती. फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळली तर पाण्यावाचूनही दूरचा प्रवास सोसतात, हेही तेथे सिद्ध झाले. साइक्स यांच्या खुद्रीला या केंद्राने नामशेष होण्यापासून वाचवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

याच यशातून पुढचा घोटाळा उद्भवला. लोणावळ्याची महसीर पिल्ले देशभर मागवली जाऊ लागली. कर्नाटकात कावेरी नदीत ती मोठ्या संख्येने सोडण्यात आली, कारण तेथील प्रसिद्ध वशिंडाचा महसीर कमी होत चालला होता आणि महसीर म्हणजे महसीर अशी सर्वसाधारण समजूत होती. खुद्री तेथे उत्तम रुजला. मूळचा वशिंडाचा महसीर मात्र दिसेनासा होऊ लागला. गळकऱ्यांच्या जुन्या नोंदी तपासून २०१५ मध्ये संशोधकांनी ही घसरण जगापुढे मांडली, तेव्हा त्या माशाला स्वतःचे निर्विवाद शास्त्रीय नावही नव्हते. ते २०१८ मध्ये निश्चित झाले. टॉर रेमादेवी या नावाने तो जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून दाखल झाला. जो मासा नावानिशी ओळखला गेला नव्हता, त्याच्या घरात दुसऱ्याला मदत म्हणून धाडले गेले. हेतू वाईट नव्हता. परंतु साइक्स यांनी एका संग्रहालयात चार मासे मद्यार्कात बुडवून ठेवले असते, तर कदाचित हा प्रश्न पन्नास वर्षे आधी विचारला गेला असता.

खुद्री स्वतः त्याच लाल यादीत २०११ मध्ये संकटग्रस्त गटात होता. फेरमूल्यमापनानंतर त्याला फारशी चिंता नसलेल्या गटात ठेवण्यात आले आहे. यादीतील ही बढती वाचून सुखावून जाण्याचे कारण नाही. माणसाने सोडलेली पिल्ले अनेक पाण्यांत पसरली आहेत, हा तिचा एक अर्थ आहे. साइक्स यांनी ज्या पात्रातून हा मासा काढला, ते पात्र आज पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी वाहून नेते. तेथे जड अंड्यांना आसरा देणारा स्वच्छ गोट्यांचा तळ राहिलेला नाही. ज्या जागेवरून जातीला नाव मिळाले, त्या जागी तिची पुढची पिढी जन्माला येऊ शकत नाही. आणि महसीरला निदान कोणी वाली मिळाला. साइक्स यांच्याच यादीतील संदखोल हा मासा कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांपलीकडे जगात कोठेही नाही आणि तो संकटग्रस्त आहे. तो लढाऊ नाही, गळाला लागून कोणाची करमणूक करीत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कोणी हळहळताना दिसत नाही.

साइक्स यांच्या हद्दीबाहेर राहिलेल्या कोकणात महसीर वेगळ्या रीतीने तगला. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीच्या या डोहातील महसीरांना भाविक देवाचे मासे मानतात, त्यांना खाऊ घालतात, मारीत नाहीत. मोठमोठे मासे तेथे माणसांच्या पायांशी निर्धास्त फिरतात. पर्यटक ते पाहून परत जातात. पावसाळ्यात काळ नदीला पूर आला, म्हणजे डोह आणि नदी असा भेद राहत नाही. महसीरला अंडी घालण्यासाठी जे ओढे लागतात, ते देवीच्या हद्दीबाहेर, गावोगावच्या शिवारांतून येतात. तेथे कोणी बंधारा घातला आहे का, कोणी सुरुंगाने किंवा विषारी पुडीने मासे मारतो का, वाळू किती उपसली जाते, याची विचारपूस डोहाकाठी हात जोडणारे सहसा करीत नाहीत.